फिट येणारे मूल आणि आपण

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत अष्टांगिक मार्गावर, पारमितांवर, संविधानावर मोठी अभ्यासपूर्ण भाषणे झाली. तो आमचा अधिकार नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करणारे. मंडळाने विचारणा केली तेव्हा आम्ही पती-पत्नींनी ठरवले की, गेली आठ वर्षे घरात जे रोज चालले आहे त्यावरच बोलावे. म्हणून या भाषणातले ‘आम्ही’ म्हणजे आम्ही दोघे. आमच्या मुलीला फिट येतात. डॉक्टर त्याला अपस्मार म्हणतात. आपल्या बोलीत फेफरे, मिरगी, आकडी. ती आता चौदा वर्षांची आहे, नववीत शिकते आणि इथे पहिल्या रांगेत बसली आहे. माझ्याविषयी बोलणार असाल तर माझ्यासमोर बोला, ही तिचीच अट.

आजार काय आहे ते आधी सांगतो, कारण नावाचीच भीती फार. मेंदूतल्या अब्जावधी पेशी एकमेकींना अतिशय सूक्ष्म विजेचे संदेश देत असतात. काही वेळा हे संदेश एकदम आणि बेताल सुटतात. त्या काळात शरीरावरचा ताबा जातो. अंग ताठ होते, हातपाय झटके देतात, तोंडाला फेस येतो, कधी जीभ चावली जाते, कधी कपड्यांत लघवी होते. बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत हे आपोआप थांबते आणि मूल थकून झोपी जाते. सगळ्याच फिट अशा नसतात. काही मुले पाच-दहा सेकंद नुसती एकटक पाहत राहतात आणि पुन्हा लिहू लागतात. वर्गात त्यांना ‘लक्ष कुठे आहे?’ म्हणून मार बसतो. दिवसातून अनेकदा असे होणारे मूल तुमच्या पाहण्यात असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

तापात येणारी फिट ही वेगळी गोष्ट. सहा महिने ते पाच वर्षे या वयात ती अनेक मुलांना येते आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे अपस्मार होत नाही. ताप नसताना, दुसरे काही तात्कालिक कारण नसताना पुन्हापुन्हा फिट येऊ लागल्या तर अपस्माराचे निदान होते. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. योग्य उपचार मिळाले तर दर १० पैकी ७ जणांच्या फिट थांबू शकतात, असेही तीच संघटना सांगते. हे दोन आकडे आम्हांला पहिल्या महिन्यात कळले म्हणून आम्ही सावरलो. पाच कोटींत आपण एकटे नाही, एवढे कळले तरी त्या दिवसांत पुरते.

आजार जुना आहे. चरकसंहितेत अपस्माराचे वर्णन आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्या परंपरेतील ग्रंथात सुमारे २४०० वर्षांपूर्वीच म्हटले होते की, हा काही दैवी कोप नव्हे, इतर रोगांसारखाच हा रोग आहे आणि तो मेंदूचा आहे. २४०० वर्षे झाली तरी आपल्या वस्तीत अजून कोणी पडले की चप्पल शोधली जाते.

चप्पल म्हटल्यावर आमच्या आत्याची गोष्ट सांगणे भाग आहे. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी ती राहत असे. आम्ही लहान असताना तिला पाहिले ते डाव्या हाताची बोटे भाजून एकमेकांना चिकटलेल्या अवस्थेत. भाकरी करताना फेफरे आले आणि हात चुलीत गेला, एवढेच आम्हांला सांगितले होते. तिचे खरे नाव गावात कोणी घेत नसे, ‘फेपरी’ म्हणत. दर अमावास्येला तिला भगताकडे नेत. तिथे मिरचीची धुरी देत आणि चपलेचे पाणी पाजत. तिचे लग्न झाले नाही. आमच्या आजीने तिला सांभाळले, आजी गेल्यावर दोन वर्षांत तीही विहिरीवर गेली असताना बुडून गेली.

आता हिशेब मांडतो. बँकेतल्या माणसाला हिशेबाशिवाय चैन पडत नाही. फिनोबार्बिटोन हे औषध १९१२ पासून अपस्मारासाठी वापरात आहे. फेनिटॉइन १९३८ पासून. आत्याचा जन्म त्यानंतरचा. म्हणजे तिचे औषध तिच्या जन्माआधीच तयार होते आणि ते महागही नव्हते. तालुक्याच्या गावी सरकारी दवाखाना होता. पण दवाखान्यात जायचे म्हणजे मुलीला फेफरे येते हे चारचौघांत सांगायचे. ते झाकायचे म्हणून अमावास्येच्या रात्री भगत. औषध आणि आत्या यांच्यामध्ये अंतर सात कोसांचे होते, आणि ते कोणी चालले नाही. आम्ही आमच्या वडीलधाऱ्यांना दोष देत नाही. त्यांना सांगणारे कोणी नव्हते. आपल्याला आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. कारणावाचून कार्य घडत नाही, हे त्या धम्माचे सूत्र आपण इथे दर रविवारी ऐकतो. मग आपल्याच घरात मूल पडले की ‘बाहेरचे’ कारण का आठवते? फिटची कारणे शोधता येतात. जन्माच्या वेळी बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडणे, डोक्याला मार, मेंदूज्वर, काही वेळा आनुवंशिक दोष. आणि आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर आढळणारे एक कारण म्हणजे फीतकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत होणाऱ्या गाठी. डुकराच्या मांसातून येणारा हा कृमी ज्याच्या आतड्यात असतो त्याच्या शौचावाटे अंडी मातीत, पाण्यात, भाजीपाल्यावर जातात. त्यामुळे मांसाला कधी न शिवलेल्या माणसालाही हा विकार होतो. कोथिंबीर-मुळा-गाजर धुऊन खाणे, शौचानंतर साबणाने हात धुणे, शौचालय वापरणे, हा या बाबतीत खरा उतारा. अर्थात अनेकांच्या बाबतीत कारण सापडत नाही. आमच्या मुलीचेही सापडलेले नाही. मेंदूचा आलेख निघाला, एमआरआय झाला. एमआरआय स्वच्छ निघाला, आलेखात दोष दिसला. कारण सापडले नाही म्हणजे करणी सापडली असे नव्हे.

आमच्या घरीही परित्राणपाठ झाला. मुलीच्या आजीची इच्छा होती, भन्तेजी आले, सर्वांच्या मनाला बरे वाटले. भन्तेजींनी पाठ संपल्यावर घड्याळ पाहून स्वतःच विचारले की, तिची आठची गोळी दिली का? आम्हांला तो प्रश्न पाठाइतकाच मोलाचा वाटला.

गोळीचे सांगतो. अपस्माराच्या उपचारात सर्वांत अवघड गोष्ट औषध मिळणे ही नाही. ती म्हणजे बरे वाटत असताना औषध घेत राहणे. सहा महिने फिट आली नाही की नातेवाईक सांगतात, ‘कशाला लहान पोरीला रोज गोळ्या?’ औषध एकदम बंद केले तर न थांबणाऱ्या फिटचा धोका असतो, आणि तो जिवावरचा असतो. साधारण दोन वर्षे एकही फिट आली नाही तर डॉक्टर औषध हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. तो विचार त्यांनी करायचा. औषधांचे त्रासही असतात, ते लपवू नयेत. फेनिटॉइनने हिरड्या सुजतात. आमच्या मुलीला लेव्हेटिरासेटम सुरू झाले तेव्हा तिची चिडचिड इतकी वाढली की, धाकट्या भावाची दोन खेळणी गॅलरीतून खाली गेली. डॉक्टरांना सांगितले, त्यांनी मात्रा बदलली. व्हॅल्प्रोएट हे औषध मुलींच्या बाबतीत फार जपून वापरतात, कारण पुढे गरोदरपणात गर्भाला अपाय होऊ शकतो. मुलगी वयात येत असेल तर आईवडिलांनी हा प्रश्न आपण होऊन विचारावा, पण स्वतःच्या मनाने गोळी थांबवू नये.

आम्ही एक वही ठेवली आहे. तारीख, वेळ, किती मिनिटे, कोणत्या बाजूचा हात आधी हलला, आदली रात्र जागरण होते का, गोळी चुकली होती का, ताप होता का. आठ वर्षांत तीन वह्या भरल्या. पहिल्या वहीत दर महिन्याला चार-पाच नोंदी आहेत. तिसऱ्या वहीत गेल्या वर्षभरात दोन. वहीमुळेच आमच्या लक्षात आले की, जागरण हा तिचा शत्रू आहे. दूरदर्शनचा नाही, मोबाईलचा नाही, जागरणाचा प्रश्न आहे. (प्रकाशाच्या लुकलुकण्याने फिट येणारे रुग्ण असतात, पण थोडे.) शक्य असेल तर फिट चालू असताना घरातल्या दुसऱ्या माणसाने मोबाईलवर चित्रण करावे. ते वाईट दिसते, हात कापतो, पण डॉक्टरांना आपल्या शंभर शब्दांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

आता घरातले. पहिल्या फिटनंतर आठवड्याभरातच ‘हे कोणाच्या घराण्यातून आले’ हा प्रश्न दोन्हीकडून निघाला. एकीकडे आत्याचे उदाहरण तयारच होते. डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले की, बहुतेक प्रकारांत आजार असा सरळ वारशाने उतरत नाही, आणि उतरला असता तरी दोष कोणाचा नसता. त्यानंतर आमच्या घरात तो विषय बंद झाला. बाहेर अजून निघतो.

दुसरी गोष्ट रात्रीची. ज्या घरात असे मूल आहे त्या घरात आईवडील गाढ झोपत नाहीत. भांडे पडले तरी धावत जातात. धाकटा मुलगा एकदा म्हणाला, ‘मला पण फिट आली तर तुम्ही माझ्याकडे येऊन झोपाल का?’ तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोन तास फक्त त्याचे, असा नेम आहे. एका मुलाच्या आजाराची किंमत दुसरे मूल गुपचूप चुकवत असते. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

तिसरी, जपण्याची. जपावे तर लागतेच. न्हाणीघराची कडी लावायची नाही, बादलीतले पाणी घेऊन बसून अंघोळ करायची, गॅसपाशी एकटी उभी राहायची नाही, विहीर-तलावावर एकटी जायची नाही, पोहायचे तर जाणते माणूस शेजारी हवे. एवढे पाळले की उरलेले सगळे करू द्यायचे. सायकल आम्ही वसाहतीच्या आतल्या रस्त्यावर शिकवली, डोक्यावर शिरस्त्राण घालून. कबड्डी खेळते. क्षेत्ररक्षणाने जगाला वेड लावणारा दक्षिण आफ्रिकेचा जॉन्टी ऱ्होड्स तुम्हांला माहीत आहे. १९९२ च्या विश्वचषकात त्याने चेंडूसह यष्टींवर झेप घेऊन इंझमामला धावबाद केले. त्याला अपस्मार आहे, आणि तो ते जाहीरपणे सांगत आला आहे. आमच्या मुलीने त्याचे चित्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे. आतून का, असे विचारले तर म्हणते, बाहेरून आई चिकटवू देत नाही.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र सांगावे की लपवावे, हा. आम्ही सांगायचे ठरवले. शेजारी, शाळा, रिक्षावाले काका, शिकवणीच्या बाई, सर्वांना. नातेवाइकांनी कळकळीने समजावले, ‘मुलीची जात आहे, उद्या लग्न करायचे आहे.’ ज्या शाळेत ती तेव्हा होती तिने प्रथम डॉक्टरांचा दाखला मागितला, तो दिल्यावरही सहलीला नेणार नाही असे कळवले. वर्गशिक्षिका मात्र वेगळ्या निघाल्या. त्यांनी प्रथमोपचार शिकून घेतला आणि वर्गातल्या मुलांना मोकळेपणाने सांगितले. नंतर एकदा वर्गात फिट आली तेव्हा मुलांनी बाके बाजूला सरकवली, एकाने घड्याळ पाहिले, एकीने ओढणीची घडी करून डोक्याखाली ठेवली. त्या मुलांना तेव्हा जेमतेम दहा वर्षे पूर्ण झाली होती.

मंडळाची धम्मसहल गेल्या वर्षी अजिंठ्याला गेली, तेव्हा तिला पाठवायचे की नाही यावर आमच्या घरात दोन रात्री चर्चा झाली. आम्हां दोघांना रजा नव्हती. शेवटी मंडळातल्या दोन तरुणांना सगळे समजावून, औषधे आणि चिठ्ठी देऊन तिला पाठवले. रात्रभर बसमध्ये भीमगीते चालली, झोप कोणालाच नव्हती. सकाळी फर्दापूरच्या थांब्यावर, लेण्यांकडे जाणाऱ्या बसची वाट पाहताना तिला फिट आली. तरुणांनी तिला कुशीवर वळवले, चष्मा काढला, गर्दी मागे सारली. एक गृहस्थ कांदा घेऊन आले, त्यांना नमस्कार करून परत पाठवले. एक मिनिट पन्नास सेकंद. तासभर झोपली, उठून पोहे खाल्ले, आणि दुपारी लेणी पाहिली. सव्विसाव्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची ती विशाल मूर्ती पाहून आल्यावर आम्हांला फोनवर म्हणाली, ‘पप्पा, बुद्ध पण कुशीवरच झोपलेत.’ तिच्या आईला ते बोलणे आवडले नाही. आम्ही ते वहीत, एक मिनिट पन्नास सेकंदांच्या शेजारी, लिहून ठेवले. इथे ‘आम्ही’ म्हणजे एकटे वडील, हे कबूल.

लग्नाविषयी, विशेषतः पालकांसाठी. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यात आणि विशेष विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अशी अट आली होती की, वधू किंवा वर यांना अपस्माराचे वारंवार झटके येत नसावेत. त्यावरून विवाह रद्द करून मागता येत असे. म्हणजे वेडेपणाच्या शेजारी अपस्मार नेऊन बसवला होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला गेला. आज अपस्मार हा विवाहाला कायद्याने अडथळा नाही. तरी बैठकीत अजून कुजबुज होते की, कायद्यानेच मनाई आहे. ती मनाई १९९९ मध्ये संपली, हे वधू-वर मेळावे भरवणाऱ्या आपल्या मंडळाने मेळाव्यातच जाहीरपणे सांगावे, अशी आमची विनंती आहे. मात्र आजार लपवून लग्न लावू नये. सासरी गोळ्या लपवून घेणारी सून गोळ्या चुकवते, आणि मग फिट येते ती भर पाहुण्यांत. आमची मुलगी लग्न करील की नाही हे ती ठरवील. सांगूनच करील, हे तिनेच आम्हांला बजावले आहे.

समाज म्हणून काय करता येईल, तेही थोडे बोलतो. विनयपिटकात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता, कोणी विचारत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर ठेवले. मग संघाला बोलावून विचारले की, तुम्हांला इथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? वस्तीतही तसेच आहे. ज्या घरात आईवडील दोघे कामावर जातात, त्या घरातल्या फिट येणाऱ्या मुलाजवळ दुपारी कोण असते? शेजारी. शेजाऱ्याला कुशीवर वळवणे येत असेल तर ते मूल शाळेत जाऊ शकते, नाहीतर त्याला खोलीत कोंडून आई कामाला जाते. अशी दोन घरे आमच्या माहितीत आहेत. ती कोणती हे इथे सांगणार नाही.

शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ मध्ये सुरू झाला, अंगणवाडी आणि शाळांतल्या मुलांची तपासणी होते. त्यात झटक्यांच्या आजाराचाही समावेश आहे. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. भगताविषयी एवढेच की, भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, चपलेचे पाणी पाजणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी आयुष्य वेचलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. कायदा आला तेव्हा आमच्या आत्याला जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती.

बोलणे लांबले. आता प्रात्यक्षिक आहे. फिट आली की काय करायचे ते पाहून घ्या: घड्याळ पाहा, आजूबाजूच्या वस्तू दूर करा, मान मोकळी करा, डोक्याखाली मऊ काही द्या, कुशीवर वळवा, थांबेपर्यंत जवळ बसा. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. जीभ गिळली जात नाही. हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल, किल्ल्या नकोत. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली, किंवा पाण्यात आली, किंवा आयुष्यातली पहिलीच असेल, तर १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी मिडॅझोलमचा नाकात मारायचा फवारा लिहून दिला असेल तर तो सांगितलेल्या मात्रेतच द्या.

सतरंजी मधोमध अंथरली आहे. आडवे होण्यासाठी मंडळाने एक स्वयंसेवक नेमला होता, पण आमच्या मुलीने त्याला बसवून ठेवले आहे; आडवी तीच होणार. तिचे म्हणणे की, त्याला नीट पडता येत नाही. विद्यार्थ्यांपैकी चौघांनी पुढे यावे, आणि ज्याच्या हातात सेकंदकाट्याचे घड्याळ आहे त्याने तिच्या डोक्याशी उभे राहावे.